गोड्या पाण्यात धुतलेलं आमिष

नाताळची सुट्टी रविवारला जोडून आली, तेव्हा कारखान्यातल्या आमच्या विभागातल्या मुली माथेरानला निघाल्या. मी मढला गेले. माथेरानवाल्यांनी परत आल्यावर आठवडाभर घोड्यांच्या आणि माकडांच्या गोष्टी सांगितल्या. माझी गोष्ट चारचौघांत सांगायला मला जमली नसती, म्हणून लिहिते आहे. मुंबईत जन्म काढूनही मढला न गेलेले पुष्कळ आहेत. तिथे अंधारात बत्ती घेऊन माशांसाठी आमिष गोळा करायला गेलेले तर फारच थोडे असतील.

मी मुलुंडला राहते आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत रेडिओचे सुटे भाग तपासते. माझ्या शेजारच्या स्टुलावर हेमा बसते. हेमा मढच्या कोळीवाड्यातली. ती दिवसभर बोलते आणि मी दिवसभर ऐकते, आणि दोघींनाही ही व्यवस्था पसंत आहे. एका दुपारी डबा खाताना ती म्हणाली, "मृणाल, सुट्टीत माझ्या घरी चल ना. आमिष काढायला जाऊ."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"काहीच नाही. पण तू गप्प बसतेस ना, म्हणून तूच पाहिजेस."

मग तिने कारण सांगितलं. तिचे बाबा नाखवा, म्हणजे होडीवरचे मुख्य. पावसाळा संपून होड्या पुन्हा बाहेर पडल्या त्याच सुमाराला जाळ्याच्या दोरात त्यांचा उजवा हात सापडला. दोन बोटं गेली, उरलेल्यांतला जोर गेला. जखम भरली. डॉक्टर म्हणाले, हात वापरा. पण बाबांनी हात वापरला नाही आणि समुद्राकडे पाहिलंही नाही. घरी येणारा प्रत्येक जण त्यांना पहिलं तेच विचारतो, आता कसं वाटतंय, पुढे काय करणार. ते उत्तर देत नाहीत.

"गरी टाकायला एक हात पुरतो," हेमा म्हणाली. गरी म्हणजे गळ. "लहानपणी तेच तर करायचे. पण चला म्हटलं तर येणार नाहीत. ताजं आमिष आणून पुढ्यात ठेवलं, तर मात्र... बाबांना काही वाया गेलेलं बघवत नाही. उठतील. उठतील असं वाटतं."

तिचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मी हो म्हटलं.

शनिवार

वेसाव्याला बसमधून उतरलं की नाक आपल्याला समुद्राकडे नेतं. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, आमच्या मुलुंडच्या गॅलऱ्यांमध्ये धुणं असतं तितक्याच शिस्तीत. तिथून तर पकडली. ही चपटी होडी खाडीपलीकडे मढला नेते. तरीत सायकली, कोंबड्यांची टोपली, एक शिवणयंत्र आणि आम्ही होतो. पाणी उतरायला लागलं होतं, म्हणून पलीकडे होडी काठाच्या जरा अलीकडेच थांबली. सगळे सवयीने चपला हातात घेऊन उतरले. मी पायात ठेवून उतरले. डावी चप्पल चिखलाने घेतली ती घेतलीच.

"गेली ती," हेमा हसत म्हणाली. "आता दुसरीपण टाकून दे, तिला जोडी होईल."

हेमाच्या घराला दोन दारं आहेत. एक समुद्राकडे उघडतं, दुसरं गल्लीकडे. गल्लीकडच्या दारात पत्र्याच्या खुर्चीत तिचे बाबा बसले होते. समोर शेजारच्यांची भिंत, त्या भिंतीवर उन्हाचा एक पट्टा. ते पट्ट्याकडे बघत होते. उजवा हात पंच्याखाली होता. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. मी काही विचारलं नाही, कारण मला सुचलंच नाही. त्यांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, बहुधा प्रश्नाची वाट बघत असावेत. मग पुन्हा भिंतीकडे बघू लागले.

काकींनी, म्हणजे हेमाच्या आईने, चहाबरोबरच सूचना दिल्या. त्यांची बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, जमेल तेवढी लिहिते. "इकरं कोणी टोपली घेऊन, जाळं घेऊन निघालं ना, तर त्याला कुठे चाललास म्हणून विचारायचं नाय गो पोरी. दर्यावर जाणाऱ्याला कुठे विचारलं की तो हात हलवत परत येतो."

"मी नाही विचारणार," मी म्हणाले.

"ही कोणालाच काही विचारत नाही, आय," हेमा म्हणाली. "बोलली तर रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलते."

अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खूप आत जाते, आणि थंडीत त्यातही संध्याकाळची जास्त. सूर्य बुडाला तसा समुद्र जणू आपलं सामान आवरून निघून गेला. मागे राहिली ती चकचकीत काळी वाळू, खडक आणि मधली डबकी. पश्चिमेला नखाएवढा चंद्र होता, तोही लवकरच गेला. हेमाने गॅसबत्ती पेटवली. मी मडकं घेतलं, त्यात मूठभर ओली वाळू होती.

इतकी माणसं दिसतील असं वाटलं नव्हतं. दूरवर ठिकठिकाणी बत्त्या हलत होत्या आणि बत्त्यांच्या खाली वाकलेल्या पाठी दिसत होत्या. कोणी शिवल्या, म्हणजे शिंपले, वेचत होतं, कोणी कालवं फोडत होतं. मुलुंडला अंधार पडल्यावर बायका खाली वाकून काही शोधताना दिसल्या तर लोक गोळा होतील. इथे कोणी वर बघितलंही नाही.

हेमाने मला डबक्यात बत्ती दाखवली. पाण्यात लाल ठिणग्या दिसल्या, दोन दोनच्या जोड्या. "कोळंबीचे डोळे," ती म्हणाली. हातजाळीने तिने त्या ठिणग्या उचलल्या. मग दगड उलटायला सांगितला. खाली तळहाताएवढीच, पण फार मोठा आव आणणारी एक चिंबोरी होती. ती घेतली आणि मी पुढे निघाले, तर हेमा ओरडली, "दगड! होता तसा परत ठेव. खाली बाकीचे राहतात ना."

खरं आमिष म्हणजे वाळूतले किडे. वाळूवर शेवयांच्या गुंडाळीसारखा छोटा ढीग दिसला की त्याच्या शेजारी लोखंडी पट्टी खुपसायची आणि वाळू उलटायची. किडा बाहेर येतो, लालसर, चपटा, दोन्ही बाजूंना बारीक पायांची झालर. मी ओळखला. अकरावीला जीवशास्त्राच्या वहीत याचं चित्र काढलं होतं, प्रत्येक भागाला बाण काढून इंग्रजी नाव दिलं होतं. त्या चित्रात तो चावत नव्हता. इथे चावला. मी किंचाळले, आणि दूरच्या एका बत्तीखालून कुणी बाई ओरडली, "ए हेमा, ती कोण गो? मेली की जिवंत आहे?"

"जिवंत आहे! मुलुंडची आहे!"

सगळीकडून हसू आलं. अंधारात हसणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. उलट मीही हसले.

परत आलो तेव्हा मडकं भरत आलं होतं. जेवायला तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं आंबट आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. बाबा आमच्याबरोबर जेवायला बसले, पण मडक्याकडे त्यांनी पाहिलं नाही. निजताना काकी हेमाला हळूच म्हणाल्या, "सकाळी मडकं जरा नीटनेटकं करून त्यांच्या पुढ्यात ठेवू."

ते वाक्य मी ऐकलं, आणि पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

रविवार

परक्या घरी मला पहाटेच जाग येते. पाहुणी म्हणून नुसतं पडून राहणं माझ्याने होत नाही. सगळे झोपले होते. मी मडक्यात डोकावले. चिखल, वाळू, आणि त्यात वळवळ. हे काही नीटनेटकं नव्हतं. आमच्या घरी बाहेरून आलेली कोणतीही गोष्ट आधी धुतात. भाजी तर आई तीन पाण्यांनी धुते, मासे आले की विचारूच नका. मला वाटलं, चला, एवढं तरी आपण करू.

मी सगळं घमेल्यात ओतलं. पिंपातलं पाणी तांब्यातांब्याने घेतलं आणि मनापासून धुतलं. वाळू निथळली, किडे स्वच्छ, गुलाबी दिसू लागले. ते जोरात वळवळत होते, मला वाटलं त्यांना बरं वाटतंय. दुसऱ्या पाण्याला वळवळ मंदावली. तिसऱ्या पाण्याला ते ओल्या दोऱ्यांसारखे सैल पडले. कोळंबी आडवी झाली.

हेमा उठून आली, घमेल्याकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं.

"मृणाल! हे काय केलंस यार! पिंपातलं पाणी घातलंस?"

"धुतलं," मी म्हणाले.

"गोड्या पाण्यात? अगं, समुद्रातले जीव आहेत ते! वाट लागली सगळी!"

काकी धावत आल्या. घमेलं पाहून त्यांनी कपाळाला हात लावला, मग पिंपात वाकून तळ बघितला. तेच जास्त लागलं. पिंपातलं पाणी लांबच्या नळावरून डोक्यावरून आणलेलं होतं हे मला तेव्हा कळलं. दिवसाच्या ओहोटीत काही मिळणार नाही हेही कळलं. सकाळचं पाणी तेवढं आत जात नाही, आणि उजेडात किडे खोल दडतात. हेमाने इतके दिवस जे ठरवलं होतं ते घमेल्यात मरून पडलं होतं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते.

तेवढ्यात गल्लीकडच्या दारातली खुर्ची करकरली.

या गडबडीत केव्हातरी तिथे येऊन बसलेले बाबा उठून आले होते. ते घमेल्याजवळ उकिडवे बसले. डाव्या हाताने एक किडा उचलला, बत्तीसमोर धरावा तसा उजेडात धरला, आणि तो खाली लोंबत राहिला.

"किती पाण्यांनी धुतलास?" त्यांनी मला विचारलं.

"तीन."

"साबण नाय लावलास?"

मी खरंच मान हलवून नाही म्हणाले. त्यावर त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी मला ते खोकला वाटलं. मग खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकी आणि हेमा एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. हसू पुसायला त्यांनी पंच्याखालचा हात बाहेर काढला आणि त्याच हाताने डोळे पुसले.

मग ते परत खुर्चीत जाऊन बसले. काही झालं नसल्यासारखे. दुपारभर तिथेच होते. मध्येच एकदा भिंतीकडे बघून म्हणाले, "तीन पाण्यांनी." आणि पुन्हा खांदे हलले.

संध्याकाळी ओहोटी आदल्या दिवसापेक्षा जरा उशिरा होती. अंधार पडला. हेमा मडकं घासत होती, खाऱ्या पाण्याने. मी पट्टी शोधत होते. काकी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. समुद्राकडच्या दाराची कडी वाजली, म्हणून आम्ही तिघींनी वर पाहिलं.

बाबा दारात उभे होते. लुंगी वर खोचलेली, डोक्याला पंचा, डाव्या हातात गॅसबत्ती.

काकींचं तोंड उघडलं. महिनोन्महिने हा माणूस मोरीपर्यंत जायला उठला तरी त्या सवयीने विचारायच्या, कुठे? तो शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. मग त्यांनी पिठाचा हात तोंडावर दाबला आणि चुलीकडे वळल्या. भाकरीला पाणी लावत राहिल्या, जितकं लावायला हवं त्याहून जास्त वेळ. दर्यावर निघालेल्या माणसाला विचारत नाहीत.

"चला," बाबा आम्हाला म्हणाले. "नायतर ही पोर आज शिवल्यांना टॉवेलने पुसेल."

त्या रात्री हेमा मुद्दाम मागे मागे राहिली. मी बाबांच्या बरोबर चालले. त्यांचं चालणं सुरुवातीला सावध होतं. वाळू ओली झाली तसे पाय सैल पडले. ते बत्ती खाली ठेवून डाव्या हाताने वाळूत पट्टी खुपसायचे, मी बोटांनी किडा उचलायचा आणि मडक्यात सोडायचा. मान धरायची, तोंडाच्या जरा मागे, मग चावत नाही. अंधारातल्या बत्त्या आमच्याकडे बघू लागल्या होत्या. कुणी तरी हाक मारली, "नाखवा?" बाबांनी बत्ती नुसती उंच केली. पलीकडचीही बत्ती उंच झाली. मग आणखी एक. कुणीही काही विचारलं नाही.

"मुलुंडला दर्या नाय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. डोंगर आहे."

"मग तुझी आय मासा कसा बघते, ताजा की शिळा?"

"कल्ले बघते. लाल असले तर घेते."

"लाल रंग लावतात गो."

"मी नाय लावत हां!" घरी परतून जेवताना हे ऐकल्यावर बाजारात मासळी विकणाऱ्या काकी केवढ्यांदा ओरडल्या. "तिला घाबरवू नका. पोरी, आयला सांग, मासा बोटाने दाब, खड्डा पडला तर घेऊ नको." हे मी घरी सांगितलं. आई आता कल्लेही बघते आणि दाबूनही बघते, आणि मुलुंडच्या बाजारातल्या कोळणी माझ्या नावाने बोटं मोडत असतील.

सोमवार

सकाळी पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही खडकावर होतो. खडकाचा वरचा भाग कालवांनी खरबरीत, खालचा शेवाळाने निसरडा. मी बसून बसूनच पुढे सरकले. हेमाने आदल्या दिवशी मला तिच्या जुन्या चपला दिल्या होत्या, पण मी त्या हातातच ठेवल्या, शहाणपण येतं कधी कधी.

इथे काठीबिठी काही नसते. लाकडाच्या तुकड्याला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, गुंडाळलेली. टोकाला शिशाचा गोळा आणि गरी. बाबांनी लाकूड दोन गुडघ्यांत धरलं, डाव्या हाताने आमिष लावलं. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदाही. हेमाचा हात पुढे जायला निघाला आणि तिने तो मागे घेतला. तिसऱ्यांदा लागलं. त्यांनी दोरी फिरवून टाकली. शिसं फार लांब गेलं नाही. नाखव्याचं शिसं असं जवळ पडलेलं बघून मला वाटलं आता ते उठून जातील. ते बसून राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. समुद्र खडकांच्या फटीत शिरत होता आणि निघताना गुळण्या केल्यासारखा आवाज करत होता. दोन वेळा आमिष खाऊन मासा पळाला. बाबांनी शिवी दिली, माझ्याकडे बघून अर्धी गिळली.

मग दोरी ताणली. ताणली म्हणजे एकदम सुरीसारखी पाण्यात घुसली. त्यांनी डाव्या हाताने ओढली, दोरी निसटली, आणि तेवढ्यात उजवा हात दोरीवर आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. उरलेली बोटं दोरीभोवती मिटली आणि थरथरत का होईना, मिटलेली राहिली. डावा, उजवा, डावा, उजवा. खडकावर एक मुडदुशी येऊन आपटली. वीतभर, रुपेरी, काचेसारखी. एका माणसाच्या जेवणालाही पुरली नसती.

हेमा पाठ फिरवून समुद्राकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. बाबा मासा सोडवून टोपलीत टाकत म्हणाले, "रडायला काय झालं? एवढीशी तर आहे."

मी परतीची तर दुपारी पकडली. भरती पूर्ण आल्यामुळे होडी थेट धक्क्याला लागली, चिखलात उतरायची वेळच आली नाही. काकींनी सुक्या बोंबलांचं पुडकं दिलं, चार कागदांत गुंडाळून, तरी वेसाव्याच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा अंधेरीपर्यंत रिकामी राहिली. बाबा निरोप द्यायला आले नव्हते. ते खडकावरच होते. तरीतून मला ते दिसले, म्हणजे डोक्याचा पांढरा पंचा दिसला. मी हात हलवला. त्यांना दिसलं नसेल. दोन्ही हात दोरीवर असावेत.

आता होळी जवळ आली आहे. परवा जेवणाच्या सुट्टीत हेमाने एक जास्तीचा डबा माझ्यापुढे सरकवला. आत तांदळाच्या पिठात घोळवून तळलेल्या मुडदुशा होत्या, या चांगल्या मोठ्या.

"बाबांनी पाठवल्यात. म्हणाले, तिला सांग, धुऊन खाऊ नको."

मी खाल्ल्या. मग एरवी विचारत नाही ते विचारलं. "हेमा, ती पत्र्याची खुर्ची गल्लीकडच्या दारातच असते का अजून?"

"खुर्ची? खुर्चीत आय बसून मासे साफ करते. बाबा असतात कुठे घरी! ओहोटी लागली की निघाले."

कुठे निघाले, ते मी विचारलं नाही.